बागेतला बायकांचा मंगळवार

कावेरीबाईंचा मला जितका राग आला, तितका सख्ख्या सासूचाही कधी आला नाही. हे मी एकदा त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं. त्यावर त्यांनी हातातली लाल पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "कारण?"

हा शब्द त्यांच्या ओठांवर कायम असायचा. मुलगी उशिरा आली, कारण? शिपाई रजा मागतोय, कारण? एकदा शाळेच्या आवारात बैल शिरला, तर त्याला हाकलायला धावलेल्या मुलींना थांबवून त्यांनी बैलाच्या मालकाला बोलावलं आणि त्याच्याकडून कारण काढून घेतलं. तोवर बैलानं आमचा मेथीचा वाफा सफाचट केला होता.

पोलीस ॲक्शननंतर वर्षभरात त्या जालन्याच्या आमच्या कन्याशाळेत मुख्याध्यापिका म्हणून आल्या. निजामाचं राज्य नुकतंच गेलेलं, शाळेत उर्दूच्या जागी मराठी आलेली, आणि मी अंबडकडच्या खेड्यातून नवी नवी शिकवायला आलेली. कावेरीबाई हैदराबादेत शिकलेल्या. एरवी मराठी अगदी स्वच्छ बोलायच्या, पण संताप झाला की उर्दूत शिरायच्या. मुलींना त्यातलं अर्धं कळायचं नाही, त्यामुळे भीती दुप्पट वाटायची. उंच, हाडापेरानं दांडग्या, रस्त्यानं चालायच्या त्या मधोमध. मागून टांगा आला तर टांगा कडेनं जायचा, त्या नाही. चहा समोर आला की बोलण्याच्या नादात गार व्हायचा, आणि मग तो गार चहा औषधासारखा एका दमात पिऊन टाकायच्या. "गरम करून आणू का?" असं कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर, "नको. ही सोय झाली. मी सोय मागितलेली नाही."

या शेवटच्या वाक्यानं माझी अनेक वर्षं खाल्ली. ते कसं, हे सांगायचं तर आधी हौदाची बाग सांगायला हवी.

ही बाग कुणा जुन्या जहागीरदारानं लावलेली. भोवती उंच दगडी भिंत, कमानीचा एकच दरवाजा, मधे मोठा हौद आणि हौदाच्या काठाशी रुंद पायऱ्यांचा चबुतरा. पूर्वी या चबुतऱ्यावर मुशायरे व्हायचे, कव्वाल बसायचे. नंतर कीर्तनं आली, पोवाडे आले, नाटकं आली. मागच्या भिंतीमुळे आवाज असा घुमायचा की चबुतऱ्यावर कुणी साधं खाकरलं तरी दरवाज्यापाशी ऐकू यावं. गावात काहीही बघण्यासारखं असलं की ते तिथेच होणार. आणि ते बघायला पुरुषच जाणार.

बायकांसाठी मंगळवार होता. हा जुन्या राजवटीतला रिवाज. मंगळवारी दुपारी राखणदार कासिमचाचा घंटा घेऊन बागभर फिरायचा. "जनाना है भाई, चलो, बाहर चलो!" असं म्हणत झाडाखाली झोपलेल्या माणसांना उठवायचा, आणि मग दरवाज्याबाहेर स्टूल टाकून बागेकडे पाठ करून बसायचा. दिवे लागेपर्यंत आत एक पुरुष नाही. मग मारवाडी गल्लीतल्या सुना घुंगट मागे टाकायच्या, मुसलमान बायका बुरखे काढून बकुळीच्या फांदीला टांगायच्या, राजूर-भोकरदनकडून बाजाराला आलेल्या कुणब्यांच्या बायका भाकरी सोडायच्या. झोके, फुगड्या, लोणच्यांची देवघेव, आणि शेवटी चबुतऱ्यावर नकला.

नकलांत हात धरणारं कुणी नव्हतं ते गुलाबबाईंचा. कापसाचे व्यापारी सुगनचंदजी यांची ही बायको. घरात तिचा आवाज कुणी ऐकला नसेल. चबुतऱ्यावर मात्र ती पदर कमरेला खोचून नवऱ्याची नक्कल करायची. पोट पुढे काढून, दोन्ही हात जोडून, मान डोलावत म्हणायची, "आपलं म्हणणं बिलकुल बराबर हाय!" बायका हसून हसून पायऱ्यांवर लोळायच्या. सुगनचंदजी खरोखरच तसे होते. बागेचा कारभार बघणाऱ्या कमिटीचे अध्यक्षही तेच.

कावेरीबाई पहिल्या वर्षी एकदाच मंगळवारी आल्या. एका बाजूला ताठ बसल्या. मी त्यांना म्हटलं, "बघा ना, गुलाबबाई काय करते!" त्या म्हणाल्या, "छान करते. पण हे कोण बघतं?"

"आपण बघतोय की."

"आपण म्हणजे कुणीच नाही," असं म्हणून त्या उठल्या. मला हे त्या वेळीही लागलं होतं.

त्यांना काय हवं होतं ते अगदी सरळ होतं. शाळेच्या मुलींचं नाटक हौदाच्या बागेत, त्याच चबुतऱ्यावर, साध्या वारी, साऱ्या गावासमोर व्हायला हवं होतं. मुलींच्या भूमिका मुलींनी करायच्या. ज्या चबुतऱ्यावर मिशा काढलेले बाप्ये सीता आणि द्रौपदी होतात, तिथे खरी मुलगी उभी राहिलेली गावानं बघायची. बाईंनी हा अर्ज पहिल्याच वर्षी केला, आणि मग दर वर्षी केला.

बाईंबरोबर मला जावं लागायचं. "शांता, चल" एवढंच म्हणायच्या. मला वेळ आहे का, घरी पाहुणे आहेत का, याची चौकशी नसायची. कमिटीच्या कचेरीत सुगनचंदजी उठून उभे राहायचे, हात जोडायचे.

"बाई, आपलं म्हणणं बिलकुल बराबर हाय."

"मग परवानगी द्या."

"देऊ ना. पन जल्दी कशाची? लोकं काय म्हनतील ते बी बघावं लागतं. आमी म्हन्तो, मंगळवारी करा तुमी नाटक. मांडव आमचा, खर्चा आमचा. साऱ्या बायका बघतील. काही कटकट न्हाई."

"ही सोय झाली," बाई म्हणायच्या. "मी सोय मागितलेली नाही."

मी टेबलाखाली त्यांच्या पदराला हिसका द्यायची. देऊन राह्यलाय तर घ्या ना! मंगळवारी करू, पुढच्या वर्षी बुधवारी मागू. बोट दिलं तर हात धरता येतो, एवढं साधं शहाणपण आमच्या अंबडच्या बाजारात भाजी विकणारीलाही असतं. पण बाई पदर सोडवून घ्यायच्या आणि उठायच्या. वाटेत मी धुसफुसायची. एकदा म्हणालेच, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी किती वर्षं लागायचं?" त्या रस्त्याच्या मधोमध थांबल्या. मागं कापसाच्या गाड्यांची रांग लागली. "मंगळवारी मुली काय शिकतील सांग. की आपण चांगलं केलं तरी ते लपवून करायचं. हे शिकवायला मला पगार नाही." गाडीवाले ओरडत होते. त्यांना काय त्याचं!

आणि हीच बाई दुसरीकडे काय करायची ते ऐका. कमिटीनं एका दिवाळीत स्वतःचं नाटक बसवलं. नायिका होते टपाल कचेरीतले एक कारकून, अंगानं शेलाटे, पण चालायचे टपालाची थैली खांद्यावर टाकल्यासारखे. तालमीत लोक हसायला लागले, तेव्हा हे गृहस्थ थेट आमच्या शाळेत आले, नऊवारी लुगडं उसनं मागायला. मी म्हटलं, आता बाई याची उर्दूतून पूजा बांधणार. बाईंनी घरून आईचं ठेवणीतलं इंदुरी लुगडं आणलं. त्याला नेसायला शिकवलं. आठवडाभर शाळा सुटल्यावर त्याला वर्गाच्या व्हरांड्यात चालवलं. "पाऊल उचलू नका, सरकवा. मान अशी. पदर हातानं सावरायचा नाही, खांद्यानं सावरायचा." कारकून घामाघूम. मी शेवटी न राहवून विचारलं, "तुमच्या मुलींना जिथं उभं राहू देत नाहीत, तिथं उभं राहायला याला कशाला शिकवता?"

"कारण तो वाईट करतो," त्या म्हणाल्या. "वाईट केलेलं मला बघवत नाही."

नाटकाला त्या पहिल्या रांगेत बसल्या, आणि शेजारी मी. एवढ्या मोठ्या बागेत आम्ही दोघीच बायका, आणि चबुतऱ्यावर बाईंच्या आईचं लुगडं नेसलेला तो तिसरा. लोकांनी त्याला टाळ्या दिल्या. बाईंनीही दिल्या, मनापासून दिल्या. मला रडू येत होतं, रागानं.

त्यानंतरच्या अर्जात बाईंनी नवा मुद्दा घातला. मला दाखवला नाही. मी विचारलं असतं तर त्यांनी दाखवला असता, पण मी तरी किती अर्ज वाचायचे? त्यात लिहिलं होतं की बायकांसाठी वेगळा वार ठेवणं ही जुन्या राजवटीची खूण आहे. आता राज्य लोकांचं आहे, तेव्हा बाग सर्वांना सर्व दिवस सारखी खुली असावी, मंगळवारचा पडदा काढून टाकावा, आणि चबुतऱ्यावर मुलींनाही कार्यक्रम करू द्यावा.

कमिटीनं अर्धा अर्ज मंजूर केला. मंगळवार बंद. चबुतऱ्याबद्दल पुढे विचार करू.

पुढच्या मंगळवारी कासिमचाचा दरवाज्यात नुसताच उभा होता, हातात घंटा नव्हती. बायका आल्या. आत चबुतऱ्यावर बाप्ये पत्ते कुटत बसलेले. बकुळीखाली कुणी अंग टाकलेलं. घुंगट पुढे ओढून बायका दरवाज्यातच घुटमळल्या. कासिमचाचा म्हणाला, "मैं क्या करूं बेटी? बडी बाई ने अर्जी दी बोलते. अब सब दिन सबका है." थोड्या वेळानं त्या परत गेल्या. दोन-तीन मंगळवार आल्या, मग येईनाशा झाल्या. बाग सर्वांना खुली झाली आणि गावातल्या अर्ध्या माणसांना बंद झाली.

मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सवय होईल. येतील." स्वतः मात्र दर मंगळवारी जाऊन पत्ते कुटणाऱ्यांच्या शेजारी पायरीवर बसून वह्या तपासायच्या, दुसऱ्या बायकांना दिसावं म्हणून. दिसणार कुणाला? बायका घरी होत्या. ते पत्त्यांवर बसलेले लोक आधी संकोचले, मग सरकून जागा देऊ लागले, मग त्यांना बाईंचा विसर पडला. मी चिडून म्हणायची, बाई, एकट्या तुम्ही बसल्यानं बाग बायकांची होत नाही. त्या मान खाली घालून वहीवर लाल रेघ मारायच्या.

अशी दोनेक वर्षं गेली. मग एकदम काय झालं, तर औरंगाबादचे मोठे साहेब जालन्याला यायचे ठरले आणि त्यांना म्हणे मुलींच्या शिक्षणाची फार आवड. सुगनचंदजी धापा टाकत शाळेत आले.

"बाई, साहेब येऊन राह्यले. मुलींचा कारेक्रम पायजे. बागेतच करू, चबुतऱ्यावर. शनवारी. साऱ्या गावाला आवतन देऊ."

बाईंनी लाल पेन्सिल खाली ठेवली. मग विचारलं, "कारण?"

"अहो, कारन काय? तुमीच तर मागून राह्यल्या होत्या!"

तो महिना मी बाईंना सुखी पाहिलं, पहिल्यांदाच. त्यांनी नाटक स्वतः लिहिलं, पडदा स्वतः रंगवला. त्यावर डोंगर काढला तो जरा उंटासारखा झाला, पण मी बोलले नाही. मुख्य भूमिका सुगनचंदजींच्या धाकट्या पुष्पाला दिली. मुलगी आईवर गेलेली. तालमीत ती रागावायची तेव्हा बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहायच्या, हसू दिसू नये म्हणून. मुली रोज वेळेवर यायच्या. कुणाच्या घरून एका शब्दाची तक्रार आली नाही. मला त्यातच काहीतरी खटकत होतं. इतकी वर्षं सगळं अडत आलेलं, आणि आता एवढं सुरळीत?

शनिवारी दुपारी पहिला निरोप आला. पुष्पाला ताप आहे. मग दुसरा. मग एकापाठोपाठ एक. कुणाची मोलकरीण आली, कुणाचा गडी. ताप, ताप, ताप. त्या दुपारी जालन्यातल्या आमच्या नाटकातल्या सगळ्या मुलींना एकदम ताप भरला. बाग माणसांनी फुलली होती. साहेब पहिल्या रांगेत, शेजारी सुगनचंदजी, भिंतीवरसुद्धा लोक चढलेले. पडदा टांगलेला. आणि चबुतऱ्यामागे कावेरीबाई आणि मी, दोघीच.

"घरोघर जाऊन एकेकीला आणते," मी म्हटलं.

"नको," बाई म्हणाल्या आणि पडद्यापुढे गेल्या. ज्या चबुतऱ्यावर मुलीला उभं करायचं म्हणून त्यांनी आपली सारी उमेद खर्ची घातली, त्यावर त्या एकट्या उभ्या राहिल्या. "आज नाटक होणार नाही. मुलींना ताप आलाय, असा निरोप आहे. खरं कारण मला माहीत नाही. ते तुमच्या घरांत आहे. जा आणि आपापल्या बायकांना विचारा." आवाज दरवाज्यापर्यंत स्वच्छ गेला. कुणीतरी शीळ घातली. साहेब उठले.

आम्ही थेट सुगनचंदजींच्या घरी गेलो. पुष्पा ओसरीवर ठणठणीत बसून बोरं खात होती. गुलाबबाईंनी आम्हाला बसायला पाट दिला, पाणी दिलं. चेहऱ्यावर ना भीती, ना लाज.

"कारण?" बाईंनी विचारलं.

"कारन मी सांगते," गुलाबबाई म्हणाल्या. "तुमाला चबुतरा पायजे होता. आमाला बाग पायजे होती. आठ दिवसांतून एक दुपार. तेवढ्यावर आमी बाकीचे दिवस काढत होतो, बाई. मी तिथं मोठ्यानं हसत होते. तिथंच. तुमी अर्जी दिली, आमची दुपार गेली. देण्याआधी एकीला तरी विचारलंत? कासिमचाचाला ठाऊक होतं आमाला काय पायजे ते. तुमाला न्हाई?"

मला वाटलं, बाई आता उर्दूत शिरणार.

"नाही विचारलं," त्या म्हणाल्या.

"मंग आता आमच्या पोरी कशाला मागून राह्यल्या?"

मला गुलाबबाईंचाही राग आला. पोरींनी महिनाभर जीव तोडून पाठ केलं होतं, त्यांना तरी कुणी विचारलं होतं? पुष्पानं बोराची बी थुंकली आणि उठून आत गेली. ती दिवसभर रडली होती, हे तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं. दोन शहाण्या बायकांच्या भांडणात पोरींचं नाटक मेलं, असं मला तिथेच मोठ्यानं ओरडून म्हणावंसं वाटत होतं.

सोमवारपासून बाईंनी कमिटीकडे नवा हट्ट धरला. मंगळवार परत द्या. आता कमिटीतल्या लोकांना काय, आयतीच मजा. "बाई, वेगळा वार म्हंजे जुन्या राजवटीची खूण. तुमचंच म्हणणं!" असं म्हणून एकजण टेबलावर हात आपटून हसला. बाईंनी ते ऐकून घेतलं. "माझंच म्हणणं होतं. ते चुकलं. आता दुरुस्त करा." पुन्हा गेल्या, पुन्हा तेच. साहेबांचा झालेला अपमान वरच्या कचेरीत कुणी विसरलं नव्हतं, त्यामुळे थोड्याच दिवसांत बाईंच्या बदलीचा हुकूम आला. लांब परभणीच्या बाजूला.

निघायच्या दिवशी सामान टांग्यात चढवून झालं, तर बाई टांगा कमिटीच्या कचेरीशी थांबवून आत गेल्या. गाडी चुकेल म्हणून मी मागोमाग धावले. आत बैठक चालू होती. सुगनचंदजी उठले, हात जोडले. गेल्या काही दिवसांत ते बाईंशी बोलताना जरा खाली बघायचे. घरी त्यांनीही विचारलं असावं.

"बाई, आपलं म्हणणं बिलकुल बराबर हाय. पुढल्या बैठकीत घेऊ. पन तुमी तर तोवर गेल्या असाल. मंग बोलनार कोन?"

बाहेर टांगेवाला ओरडत होता. बाई माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता नेहमीसारखं म्हणणार, शांता बोलेल. माझ्या डोक्यात तिडीक उठलीसुद्धा. मला माझा संसार होता, सासू होती, सुगनचंदजींच्या हात जोडण्याचा कंटाळा आला होता. बाईंच्या मागे मागे फिरून माझी उमेदीची वर्षं गेली होती, आणि त्यांच्या हट्टातून गावाला काय मिळालं तर पत्ते कुटायला एक दुपार जास्त.

"शांता," त्या म्हणाल्या, "तू बोलशील का? बोलायलाच हवं असं नाही. मी विचारतेय."

इतक्या वर्षांत त्यांनी मला 'करशील का' असं विचारलं, ते हे पहिल्यांदा. सगळी कमिटी आमच्याकडे बघत होती. टांगेवाल्यानं परत हाक मारली. कुणीतरी बाईंपुढे चहा आणून ठेवला होता, त्याला त्यांनी हात लावला नाही. त्या उभ्या होत्या आणि माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी वेळ लावला. मुद्दाम लावला, तोवरचा सगळा राग त्यात घालून. गाडी चुकेल याची त्यांना पर्वा दिसली नाही.

मी हो म्हणाले. मगच त्या टांग्यात बसल्या.